आधी जंतूचं नाव, मग औषधाचं

२६ जानेवारी २०२५ च्या सरकारी आकडेवारीनुसार पुणे परिसरात गुलियन बारे सिंड्रोमचे १०१ रुग्ण होते. त्यांत ६८ पुरुष आणि ३३ स्त्रिया होत्या, आणि १६ जण व्हेंटिलेटरवर होते. सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड, खडकवासला या भागांत पाणी तपासणं, टाक्या धुणं, उकळून पिण्याच्या सूचना असं सगळं चालू होतं, आणि चर्चा पाण्याभोवतीच फिरत होती. ते बरोबरही होतं. पण त्या १६ जणांपुढे आणखी एक धोका उभा होता आणि त्याबद्दल फारसं कुणी बोललं नाही. या आजारात मज्जातंतूंवर हल्ला होतो, श्वासाचे स्नायू लुळे पडतात आणि साधारण २० ते ३० टक्के रुग्णांना व्हेंटिलेटर लागतो. तोही दोन-चार दिवस नाही, अनेकदा कित्येक आठवडे. मूळ आजारातून माणूस बहुतेक वेळा सावरतो. मधल्या काळात फुप्फुसात काय शिरतं, यावर पुष्कळ काही ठरतं.

दवाखान्यात दाखल झाल्यावर ४८ तासांनंतर जो न्यूमोनिया सुरू होतो, तो रुग्णालयात झालेला मानतात. घशातून नळी घातल्यावर ४८ तासांनी झाला, तर तो व्हेंटिलेटरचा न्यूमोनिया. नळीमुळे खोकून कफ बाहेर टाकण्याची ताकद जाते, नळीच्या फुग्यावर लाळ साचते, तिच्यातले जंतू कडेने थेंबाथेंबाने खाली झिरपतात.

हा धोका किती, याचा एक जुना पण अजूनही उपयोगी हिशोब आहे. कॅनडातल्या १६ अतिदक्षता विभागांमधल्या १,०१४ रुग्णांचा अभ्यास १९९८ साली प्रसिद्ध झाला. पहिल्या पाच दिवसांत रोज साधारण ३ टक्के, पुढच्या पाच दिवसांत रोज २ टक्के आणि त्यानंतर रोज १ टक्का, असा धोका त्यात दिसला. याचा गुणाकार केला तर दहा दिवस व्हेंटिलेटरवर राहिलेल्या शंभरातल्या सुमारे २२ जणांना न्यूमोनिया होतो. भारतातला आकडा वेगळ्या पद्धतीने मोजलेला आहे. २००४ ते २०१३ या काळात देशातल्या २० शहरांमधल्या ४० रुग्णालयांतून जमा केलेल्या माहितीत दर १,००० व्हेंटिलेटर-दिवसांमागे ९.४ न्यूमोनिया आढळले. एक रुग्ण एक दिवस व्हेंटिलेटरवर राहिला की तो एक व्हेंटिलेटर-दिवस.

आता १६ रुग्ण प्रत्येकी दहा दिवस धरा. १६० व्हेंटिलेटर-दिवस होतात. भारतीय दराने दीड न्यूमोनिया, कॅनडाच्या दराने साडेतीन. पुण्यातल्या त्या १६ जणांचं प्रत्यक्षात काय झालं, याच्याशी या गणिताचा संबंध नाही. धोक्याचा आकार कळावा एवढ्यासाठी ते मांडलं. दोन आकड्यांमधली तफावत निदानाच्या निकषांमुळेही येते. एक्स-रेवर पांढरा डाग, ताप, वाढलेल्या पांढऱ्या पेशी, बदललेला कफ, यातली कुठली लक्षणं मिळून न्यूमोनिया म्हणायचं, हे प्रत्येक अभ्यासात थोडं वेगळं असतं. म्हणून कमी आकडा दिसला की तिथली काळजी चांगली, असं लगेच समजू नये.

न्यूमोनिया झाला की आयसीयूच्या दाराबाहेर बसलेल्या नातेवाइकांच्या कानावर एक वाक्य हमखास पडतं: “हायर अँटिबायोटिक सुरू करावं लागेल.” हातात चिठ्ठी येते, कुणीतरी मेडिकलच्या दुकानाकडे धावतं. चिठ्ठीवर पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम असतं, मेरोपेनेम असतं, कधी कोलिस्टिन, कधी सेफ्टाझिडीम-अविबॅक्टम. प्रत्येक पायरीला किंमत वाढते. महाग म्हणजे जास्त गुणकारी, हा समज तिथे बसलेल्या माणसाला होणं अगदी स्वाभाविक आहे. त्याचं माणूस आत आहे. पण मोठ्या चाचण्यांचे आकडे या समजाला दुजोरा देत नाहीत.

गेल्या काही वर्षांत रुग्णालयातल्या न्यूमोनियासाठी नव्या औषधांची थेट तुलना करणाऱ्या चार मोठ्या चाचण्या झाल्या. पहिली २०१८ ची. त्यात ८७९ रुग्णांपैकी अर्ध्यांना सेफ्टाझिडीम-अविबॅक्टम आणि अर्ध्यांना मेरोपेनेम दिलं. बरे होण्याचं प्रमाण नव्या औषधाने ६८.८ टक्के आणि मेरोपेनेमने ७३.० टक्के. दुसरी २०१९ ची, ७२६ रुग्णांची, सगळे व्हेंटिलेटरवरचे. सेफ्टोलोझेन-टॅझोबॅक्टम घेतलेल्यांपैकी २८ दिवसांत २४.० टक्के दगावले, मेरोपेनेम घेतलेल्यांपैकी २५.३ टक्के. तिसरी २०२० ची, ५३७ रुग्णांची. इमिपेनेम-रेलेबॅक्टमच्या गटात २८ दिवसांतले मृत्यू १५.९ टक्के, पिपरासिलिन-टॅझोबॅक्टमच्या गटात २१.३ टक्के. चौथी २०२१ ची, ३०० रुग्णांची. सेफिडेरोकॉलने १४ दिवसांत १२.४ टक्के मृत्यू, तर मोठ्या मात्रेत तीन-तीन तास सावकाश सोडलेल्या मेरोपेनेमने ११.६ टक्के.

हे आकडे वाचताना दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली अशी, की एका चाचणीतला आकडा दुसरीतल्या आकड्यासमोर ठेवता येत नाही. एकीत २४ टक्के मृत्यू आणि दुसरीत १२ टक्के, म्हणून दुसरं औषध दुप्पट चांगलं, असा निष्कर्ष चूक आहे. एका चाचणीत सगळेच व्हेंटिलेटरवर होते, २०१८ च्या चाचणीत व्हेंटिलेटरचा न्यूमोनिया असलेले जेमतेम एक तृतीयांश होते; एकीत मृत्यू २८ दिवसांपर्यंत मोजले, एकीत १४ दिवसांपर्यंत. तुलना फक्त त्याच चाचणीतल्या दोन गटांमध्ये करायची.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. या चाचण्यांनी विचारलेला प्रश्न ‘नवं औषध जास्त चांगलं आहे का’ असा नव्हताच. ‘नवं औषध जुन्यापेक्षा फार वाईट तर नाही ना’, असा तो होता. किती वाईट चालेल, त्याची हद्द आधी आखून घेतात. २०१९ च्या चाचणीत ती मृत्यूदरासाठी १० टक्के-बिंदूंची होती, २०२१ च्या चाचणीत १२.५ ची. शक्यतेचा सगळा पट्टा त्या हद्दीच्या आत राहिला की औषध उत्तीर्ण. चारही औषधं अशी उत्तीर्ण झाली. शिवाय मेरोपेनेमशी तुलना करणाऱ्या चाचण्यांमध्ये, ज्यांच्या जंतूवर ते चालत नाही हे आधीच ठाऊक होतं अशा रुग्णांना बहुतांशी बाहेर ठेवलं होतं. ते योग्यच, कारण माहीत असून निरुपयोगी औषध कुणाला देणार? पण त्यामुळे निकालाचा अर्थ मर्यादित होतो. मेरोपेनेम जिथे चालतं, तिथे नवी औषधं साधारण तेवढीच चालतात. मेरोपेनेम जिथे चालतच नाही, तिथलं उत्तर या आकड्यांत नाही.

आणि आपल्याकडचा प्रश्न नेमका तिथलाच आहे.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद देशभरातल्या मोठ्या रुग्णालयांतून जंतूंची माहिती गोळा करते. क्लेबसिएला न्यूमोनिए हा आयसीयूतला नेहमीचा जंतू. २०१६ साली त्याचे ६५ टक्के नमुने इमिपेनेमला दाद देत होते. २०२० साली ४५ टक्के, २०२१ साली ४३ टक्के. इमिपेनेम आणि मेरोपेनेम ही एकाच घराण्यातली भावंडं आहेत. एकाला जंतू जुमानत नसेल तर दुसऱ्यालाही बहुधा जुमानत नाही. असिनेटोबॅक्टर बाउमनी हा व्हेंटिलेटरच्या न्यूमोनियातला आपल्याकडचा सर्वांत हट्टी जंतू. २०२१ साली त्याचे ८७.५ टक्के नमुने या घराण्याला पूर्ण प्रतिरोधक निघाले. म्हणजे कल्चर न पाहता असिनेटोबॅक्टरच्या आठ रुग्णांना मेरोपेनेम दिलं, तर त्यातल्या सातांना ते लागू पडण्याची आशा जवळजवळ नाही. ही आकडेवारी सगळ्या प्रकारच्या नमुन्यांची आणि देशभरातल्या मोठ्या रुग्णालयांची आहे. एकेका आयसीयूत परिस्थिती यापेक्षा बरी किंवा वाईट असू शकते, आणि म्हणूनच प्रत्येक आयसीयूने स्वतःच्या जंतूंचा तक्ता ठेवणं गरजेचं ठरतं.

पुण्याचा या गोष्टीशी संबंध आजचा नाही. २०१० साली ‘लॅन्सेट इन्फेक्शस डिसीजेस’मध्ये जंतूंमधल्या एनडीएम या विकराबद्दलचा (एन्झाइमबद्दलचा) शोधनिबंध आला आणि त्यातल्या ‘न्यू दिल्ली’ या नावावरून देशात मोठं वादळ उठलं. नावाच्या वादात निबंधातली शहरांची यादी मागे पडली. ज्या शहरांतून हे विकर असलेले जंतू मिळाले त्यांत मुंबई, कोलकाता, हैदराबाद, वाराणसी यांच्याबरोबर पुणेही होतं. हे विकर मेरोपेनेमचे तुकडे करतं. सेफ्टाझिडीम-अविबॅक्टमलाही ते दाद देत नाही, सेफ्टोलोझेन-टॅझोबॅक्टमला नाही, इमिपेनेम-रेलेबॅक्टमलाही नाही. वरच्या चारपैकी तीन महागडी औषधं एनडीएमपुढे एकेकटी निष्प्रभ आहेत. परदेशात यशस्वी ठरलेलं औषध इथे नुसतं आयात करून भागत नाही, ते या कारणाने.

त्यावर डॉक्टरांनी एक तोड काढली आहे. सेफ्टाझिडीम-अविबॅक्टमच्या जोडीला अझट्रिओनाम द्यायचं. अझट्रिओनाम एनडीएमकडून तुटत नाही, पण त्याच जंतूकडची दुसरी विकरं त्याला तोडतात. अविबॅक्टम त्या दुसऱ्या विकरांना अडवतं. इटली आणि ग्रीसमधल्या १०२ रुग्णांच्या अभ्यासात ही जोडी मिळालेल्यांपैकी १९.२ टक्के ३० दिवसांत दगावले, इतर औषधं मिळालेल्यांपैकी ४४ टक्के. हा संसर्ग रक्तातला होता, फुप्फुसातला नाही, आणि कुणाला काय द्यायचं हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नव्हतं. तरीही एवढी मोठी तफावत दुर्लक्ष करण्यासारखी नाही. जंतूचा प्रतिरोध कुठल्या विकराचा आहे हे प्रयोगशाळेने सांगितलं, तरच ही जोडी कुणाला द्यायची ते कळतं.

असिनेटोबॅक्टरपुढे मात्र ही जोडीही फारशी कामाची नाही. तिथे वर्षानुवर्षं कोलिस्टिन हाच आधार आहे. हे औषध मूत्रपिंडाला त्रास देतं, आणि शिरेतून दिलेलं फुप्फुसात पुरेसं पोहोचत नाही. त्याच्या जोडीला मेरोपेनेम दिलं तर? इस्रायल, ग्रीस आणि इटलीतल्या ४०६ रुग्णांवर हे तपासून झालं. बहुतेकांना असिनेटोबॅक्टरच झालेला होता. २८ दिवसांतले मृत्यू: नुसत्या कोलिस्टिनने ४३ टक्के, जोडीने ४५ टक्के. नंतरच्या दुसऱ्या एका चाचणीत ४३ विरुद्ध ३७ असा आकडा आला, पण तो फरक योगायोगाचा नाही असं म्हणण्याइतका भक्कम ठरला नाही. दोन चाचण्या झाल्यावरही या जोडीच्या बाजूने ठोस पुरावा हाती नाही, आणि मेरोपेनेमच्या प्रत्येक जादा बाटलीबरोबर वॉर्डातले बाकीचे जंतू त्याला सरावत जातात. त्यामुळे असिनेटोबॅक्टरसाठी ही जोडी सवयीने लिहिणं थांबायला हवं, असं माझं मत आहे.

२०२३ साली मात्र एक वेगळा निकाल आला. सल्बॅक्टम हे जुनं औषध, जे असिनेटोबॅक्टरला स्वतः मारू शकतं, आणि त्याला विकरांपासून वाचवणारं नवं ड्युर्लोबॅक्टम यांची जोडी कोलिस्टिनसमोर उभी केली. दोन्ही गटांना शिवाय इमिपेनेम होतं. १२५ रुग्णांच्या विश्लेषणात २८ दिवसांतले मृत्यू नव्या जोडीच्या गटात ६३ पैकी १२, कोलिस्टिनच्या गटात ६२ पैकी २०. म्हणजे १९.० आणि ३२.३ टक्के. हा तेरा टक्के-बिंदूंचा फरक डोळ्यांत भरतो, पण रुग्ण थोडे असल्यामुळे तो योगायोगाने आला नसेलच असं म्हणता येत नाही. मूत्रपिंडाचं मात्र चित्र स्पष्ट आहे: नव्या जोडीने १३ टक्क्यांना इजा, कोलिस्टिनने ३८ टक्क्यांना. बरे होण्याचं प्रमाणही ६१.९ विरुद्ध ४०.३ टक्के. या सगळ्या चाचण्यांमध्ये मला हीच आपल्या सर्वांत जवळची वाटते, कारण तिने आपल्याच आयसीयूतल्या जंतूला समोर ठेवून औषध निवडलं.

टायगेसायक्लिन या औषधाचाही उल्लेख इथे करायलाच हवा, कारण कल्चर रिपोर्टमध्ये त्याच्यापुढे अनेकदा ‘सेन्सिटिव्ह’ लिहून येतं. व्हेंटिलेटरच्या न्यूमोनियात इमिपेनेमशी तुलना केली तेव्हा बरे होण्याचं प्रमाण ४७.९ विरुद्ध ७०.१ टक्के निघालं. टायगेसायक्लिन घेतलेल्या व्हेंटिलेटरवरच्या १३१ जणांपैकी २५ दगावले. इमिपेनेमच्या १२२ पैकी १५. अमेरिकी औषध प्रशासनाने २०१३ साली त्याच्या वेष्टनावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. प्रयोगशाळेतल्या बशीत जंतू मेला म्हणून फुप्फुसातही मरेल असं नसतं. औषध तिथे पुरेसं पोहोचावं लागतं. ‘सेन्सिटिव्ह’ या शब्दावर विसंबून चिठ्ठी लिहिणं पुरेसं नाही, ते या उदाहरणावरून कळतं.

सोनेरी स्टॅफिलोकॉकसच्या प्रतिरोधक जातीसाठी लिनेझोलिड आणि व्हॅन्कोमायसिनची तुलना २०१२ साली झाली: यश ५७.६ विरुद्ध ४६.६ टक्के, ६० दिवसांतले मृत्यू जवळजवळ सारखे. आपल्याकडच्या व्हेंटिलेटर-न्यूमोनियात हा जंतू मागच्या रांगेत असतो, म्हणून इथे एवढंच.

मग या सगळ्यात जंतूचं नाव किती वेळा कळलेलं असतं? राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राने नोव्हेंबर २०२१ ते एप्रिल २०२२ दरम्यान २० मोठ्या रुग्णालयांतल्या ९,६५२ दाखल रुग्णांची पाहणी केली. ७१.९ टक्के रुग्णांना प्रतिजैविकं चालू होती. त्यातली ५५ टक्के संसर्ग होऊ नये म्हणून दिलेली. उपचार म्हणून दिलेल्यांपैकी, जंतू ओळखून त्याला नेमकं लागू पडेल असं औषध मिळालेले फक्त ६ टक्के. बाकीच्यांना अंदाजाने. सुरुवात अंदाजानेच करावी लागते, यात काही गैर नाही. न्यूमोनियाने धाप लागलेल्या माणसाला दोन दिवस रिपोर्टची वाट पाहायला लावता येत नाही. पण अंदाजाचं औषध सुरू करण्याआधी नळीतून कफाचा नमुना घेतला, तर तिसऱ्या दिवशी औषध बदलता येतं, उतरवता येतं किंवा थांबवता येतं. नमुना न घेता सुरू केलेलं औषध कशाच्या आधारावर थांबवायचं?

१९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने, आणि पुढच्याच वर्षी तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागलं. त्या पिढीपुढचा प्रश्न औषध मिळण्याचा होता. आज प्रश्न दुहेरी झाला आहे. आठ देशांच्या २०१९ च्या आकडेवारीवरून केलेल्या एका अभ्यासानुसार, मेरोपेनेमच्या घराण्याला न जुमानणाऱ्या जंतूंचे सुमारे १५ लाख संसर्ग झाले आणि त्यांपैकी फक्त ६.९ टक्क्यांना योग्य औषध मिळालं. भारतात ७.८ टक्क्यांना. म्हणजे ज्यांना गरज नाही त्यांना अंदाजाने मिळतंय आणि ज्यांना खरोखर गरज आहे त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. छत्रपती संभाजीनगरच्या संशोधन केंद्रात वोकहार्टने सेफेपिम आणि झिडेबॅक्टमची जोडी विकसित केली आहे आणि तिच्याकडून आशा आहे. पण जंतू न ओळखताच तीही चिठ्ठीवर येऊ लागली, तर तिचीही गत मेरोपेनेमसारखी व्हायला वेळ लागणार नाही.

औषधापूर्वीची एक गोष्ट इतकी साधी आहे की ती चर्चेतच येत नाही. आयसीयूतल्या रुग्णाचे दात रोज ब्रशने घासले, तर रुग्णालयातला न्यूमोनिया सुमारे एक तृतीयांशाने कमी होतो, असं १५ चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात २०२४ साली दिसलं. आयसीयूतले मृत्यूही कमी दिसले. वरच्या चार मोठ्या चाचण्यांतल्या कुठल्याच नव्या औषधाच्या नावावर एवढा फरक नाही. त्यासाठी लागतं ते परिचारिकेच्या हाताला वेळ. एका परिचारिकेकडे किती व्हेंटिलेटर आहेत, यावर तो मिळतो की नाही ते ठरतं.

राहिला प्रश्न दिवसांचा, आणि माझ्या मते सर्वांत मोठा आकडा इथेच आहे. फ्रान्समधल्या ५१ आयसीयूंत ४०१ रुग्णांवर झालेल्या चाचणीने २००३ सालीच दाखवलं होतं की ८ दिवसांच्या उपचाराने १८.८ टक्के आणि १५ दिवसांच्या उपचाराने १७.२ टक्के मृत्यू होतात, म्हणजे फरक जवळजवळ नाही. ज्यांना न्यूमोनिया पुन्हा झाला त्यांच्यात बहुप्रतिरोधक जंतू ८ दिवसांच्या गटात ४२.१ टक्क्यांमध्ये निघाले, १५ दिवसांच्या गटात ६२.० टक्क्यांमध्ये. जास्त दिवसांनी जंतू अधिक पक्का केला. फक्त स्यूडोमोनाससारख्या जंतूंत ८ दिवसांनंतर न्यूमोनिया परतण्याचं प्रमाण जास्त होतं, ४०.६ विरुद्ध २५.४ टक्के. पुढे स्यूडोमोनासच्याच १८६ रुग्णांच्या चाचणीतही १७ विरुद्ध ९.२ टक्के असा आकडा आला. म्हणून तिथे सावधपणा हवा.

फ्रान्स दूर आहे, आपले जंतू वेगळे आहेत, ही शंका रास्त होती. तिचं उत्तर नेपाळ, थायलंड आणि सिंगापूरने दिलं. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत व्हेंटिलेटर-न्यूमोनियाचे ४६० रुग्ण होते. एका गटात नेहमीप्रमाणे आठ दिवस किंवा त्याहून जास्त औषध. मध्यक १४ दिवस. दुसऱ्या गटात ताप उतरून ४८ तास झाले आणि रक्तदाब सावरला की थांबवायचं, जास्तीत जास्त सात दिवसांत. मध्यक ६ दिवस. साठ दिवसांत मृत्यू किंवा न्यूमोनिया परतणं: कमी दिवसांच्या गटात ४१ टक्के, जास्त दिवसांच्या गटात ४४ टक्के. औषधाचे दुष्परिणाम: कमी दिवसांच्या गटात ८ टक्के, जास्त दिवसांच्या गटात ३८ टक्के.

सातव्या दिवशीच्या राउंडला रुग्णाचा ताप दोन दिवसांपासून उतरलेला असेल, रक्तदाबासाठीचं औषध बंद झालेलं असेल, आणि चार्टवर मेरोपेनेम चालूच असेल, तर नातेवाइकाने विचारावं: “डॉक्टर, कल्चरमध्ये कुठला जंतू आला? हे औषध अजून किती दिवस?” सहा आणि चौदा यांच्यातले आठ दिवस म्हणजे दिवसाला तीन याप्रमाणे मेरोपेनेमच्या चोवीस मात्रा होतात.